उणे ऐंशी

मार्चअखेर माझं कंत्राट संपतंय.
त्याआधी फ्रीझर रिकामा करून द्यायचाय:
तिसरा कप्पा, डावीकडचे चार रॅक,
उणे ऐंशी अंशांत थिजलेली एकोणीस वर्षं.

गुरुवारी करिअर-मार्गदर्शनाच्या बाईंनी सांगितलं,
लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत
स्वतःविषयी सगळं सांगून मोकळं व्हा.
आमची लिफ्ट दुसऱ्यावरच अडकते.
तिथवर माझं एवढंच होतं:
कर्स्टी गेडिस. प्रथिनं दुमडतात कशी, ते बघते.
दुमडत नाहीत तेव्हा काय करते, हे कुणी विचारत नाही.

मग चहाला सगळ्यांनी ओळखी करून घेतल्या.
म्हणजे आधी छातीवरचा बिल्ला वाचायचा,
मग संस्थेचं नाव, मग जमलं तर चेहरा.
औषध कंपनीतून आलेल्या एका गृहस्थांभोवती
आम्ही अकरा जण, बशीतलं बिस्कीट सांभाळत,
एकाच खाचेसाठी दाटी केलेले रेणू.
त्यांनी माझं कार्ड घेतलं
आणि त्यावर कप ठेवला.

तर फ्रीझर.
दार उघडलं की पांढरी वाफ पायांवर उतरते,
टे नदीवरून डंडीत धुकं शिरतं तशी, न विचारता.
हातमोज्यांचे दोन जोड, तरी बोटं बधिर.
नखानं बर्फ खरवडला की अक्षरं वर येतात.

हे तिरकं, घाईतलं: फिनले.
लग्नाच्या आदल्या रात्रीसुद्धा पेशींना खाऊ घालायला आला होता.
आता आर्ब्रोथच्या शाळेत शिकवतो.
हे मोत्यासारखं: झोफ्या, पोलंडहून आलेली,
प्रत्येक झाकणावर तारीख
आणि तारखेपुढे उगाचच एक फूल.
हे एम. के.
कोण एम. के.?

मोरॅगला विचारलं.
एकतीस वर्षं ती इथं काचसामान धुते, बाटल्या उकळते,
एकाही शोधनिबंधावर तिचं नाव नाही.
"मर्डो किंकेड," ती हात पुसत म्हणाली,
"चहात तीन चमचे साखर. बायको आजारी पडली म्हणून गेला.
स्काय बेटावर असतो, माशांच्या कंपनीत. पत्ता देऊ?"

मोरॅगकडे सगळ्यांचा पत्ता आहे.
केकच्या पत्र्याच्या डब्यात,
पाकिटांच्या फाडून ठेवलेल्या कोपऱ्यांवर.

रात्री तेवीस पत्रं लिहिली.
कुठं जागा आहे का, असं एकातही नाही.
भीड म्हणा, नाहीतर ताठा.
एवढंच, की तुमच्या हातच्या सहा नळ्या माझ्यापाशी आहेत.
ठेवू, पाठवू, की टाकून देऊ?

झोफ्याचं उत्तर दहा मिनिटांत:
टाकू नकोस गं! चार नंबरची मी सात वर्षं शोधतेय.
फिनलेनं लिहिलं, टाक.
तासाभरानं पुन्हा: एक ठेव. वितळली तरी चालेल.
नऊ जणांकडून अवाक्षर नाही.

मर्डो किंकेडनं सकाळी फोनच केला.
नळ्यांचा विषयच नाही.
मोरॅग अजून शिट्टी वाजवते का, म्हणाला, बाटल्या लावताना?
मी फोन कॉरिडॉरमध्ये नेऊन धरला.
बराच वेळ तो ऐकत राहिला.
मग म्हणाला, हं. आणि तुझं काय चाललंय?

लिफ्ट नव्हती.
मी सुरुवात केली ती
न दुमडणाऱ्या प्रथिनांपासून.
त्यानं मधेच दोन प्रश्न विचारले, दोन्ही अवघड.
दुसऱ्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

आज झोफ्याची पेटी भरली, कोरड्या बर्फात.
पाठवणाऱ्याचा कायमचा पत्ता, या रकान्याशी
माझं पेन थांबलं.
मोरॅगनं ते काढून घेतलं,
स्वतःच्या घराचा नंबर टाकला, गल्ली टाकली,
आणि म्हणाली, "बर्फ चारच दिवस टिकतो.
धर तिकडून."