राक्षशिणीचं माप

सोमवार ते शुक्रवार, रात्री साडेआठ.
मी मशीन थांबवत नाही, नुसता पाय हलका करते,
म्हणजे विषमेखलेचं हसू ऐकू येतं.
सेलूत स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला माझं दुकान, दहा बाय आठ.
वर टीव्ही, खाली ब्लाउजांचे गठ्ठे,
आणि फॉल-पिकोला आलेल्या बाया,
ज्यांना घरी जायचंच असतं, पण जाहिरात लागल्यावर.

दीप्तिका चांगली आहे. सगळ्यांना मान्य.
बोट फिरवलं की नदी वळायची तिच्यानं.
सात फेऱ्यांत सात शक्ती सोडल्या,
एकेक करून, खाली मान घालून.
आता तीन महिने ती ताट घेऊन उभी आहे.
आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी येतं.
कौसाबाई म्हणाली, "येवढी नदी वळवायली होती माय,
एक घागर तरी मागं ठिवायची की."

विषमेखलेला कुणी नाही. नवरा नाही, सासू नाही.
भुवया कानापर्यंत, ओठ जांभळे.
तिचं पाप काय, हे एकशे ऐंशी भागांत
कुणी नीट सांगितलेलं नाही.
तिला राज्य पाहिजे, एवढंच.
राजकुमारालाही तेच पाहिजे, पण त्याच्या मागं सनई वाजते.
ब्लाउज मात्र सगळ्यांना तिचाच हवा.
"मागचा गळा तसाच टाक, पण कुणाचा हाय ते घरी सांगू नको."

डिसेंबरात शाळेचं गॅदरिंग. बाईंनी यादी पाठवली.
मुलं: राजकुमार एक, सैनिक अकरा.
मुली: पऱ्या चौदा.
राक्षशीण एक, कुणी तयार झाल्यास.

अर्शदला पंख पाहिजे होते.
बाप म्हणाला, तलवारीचा पट्टा द्या.
दिला.
आतून पऱ्यांची उरलेली जाळी लावली.
कुणाला दिसत नाही. त्याला माहीत आहे.

तक्षशिला खिल्लारे, चौथी ब, एकटीच आली.
"मला राक्षशीण व्हायचंय."
मी गळ्यातला टेप काढला. काहून गं?
"तिला खुर्ची आहे."

खांदा साडेअकरा. छाती पंचवीस.

"दीप्तिका बघा ना, उभीच असते.
नदी वळवताना उभी, वाढताना उभी,
रडताना खांबाला धरून उभी.
विषमेखला बसून बोलते."
मी उकिडवी बसून तिच्या घोट्यापर्यंत टेप सोडत होते.
पंधरा वर्षं हीच मालिका वेगवेगळ्या नावांनी बघायले मी,
खुर्चीकडं लक्षच गेलं नव्हतं.

हेडमास्तरांची फायबरची खुर्ची, तिला जुन्या शालूचा काठ.
राजकुमारानं पुठ्ठ्याची तलवार खुपसली.
ठरलं असं होतं की तिनं किंचाळून खाली पडायचं,
मग पऱ्या येणार, फुलं टाकणार.
ती मेली. पण खुर्चीतच मेली.
मान टाकली, जीभ काढली,
हात दांड्यावरून सोडला नाही.
बाई विंगेतून, "पड, पड की गं,"
राजकुमार दंडाला धरून ओढायला,
चौदा पऱ्या फुलं घेऊन उभ्या.
शेवटी पडदा पाडला.

माझ्या वहीत मापं अशी असतात:
मिस्त्रीची. कंडक्टरची थोरली. पोस्टातल्यांची.
बाईचं नाव कित्येकदा मलाही ठाऊक नसतं.
त्या पानावर तिनं पेन मागून स्वतः लिहिलंय,
आडनावासकट,
आणि खाली, जरा मोठ्या अक्षरात, विषमेखला.

झगा परत आलाय, काखेत उसवलेला.
तिथं मी आत दोन बोटं कापड सोडलं होतं,
तेच घेतलंय शिवायला. साडेआठ वाजायलेत.
आज दीप्तिकेचं डोहाळजेवण. फुलांचा झोपाळा.
कौसाबाईनं पिकोची पिशवी खाली ठेवली.
"बसली बाई," म्हणाली, "एकदाची."