प्रश्न चौथा, गुण पंधरा

उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, नुसता क्रमांक.
व्यक्तित्वाचा पेपर,
आणि व्यक्तीच तेवढी पट्टी चिकटवून झाकलेली.

गठ्ठ्यात एकशे बारा. दौलतगंजात वीज गेलीय.
इन्व्हर्टरचा एक दिवा, एक लाल पेन.
‘व्यक्तित्व-विकास के किन्हीं दो सिद्धांतों की तुलना कीजिए.’

पहिला लिहितो: पाच वर्षांत सगळं ठरून जातं,
पुढे माणूस जन्मभर तळघराची किल्ली सांभाळतो.
दुसरी म्हणते, छे, पायऱ्या आठ असतात, थेट म्हातारपणापर्यंत,
खालची उधारी वर चढून फेडता येते.
तिसऱ्यानं दोन्ही रकाने भरलेत,
मधे पट्टीनं रेघ मारलीय
आणि तुलना त्या रेघेवर सोपवलीय.

पट्टी.
आमच्या अण्णांची सागवानी होती, मिलच्या हिशेबखात्यातून आणलेली.
एकोणतिसाचा पाढा अर्ध्यावर थांबायचा
आणि ती टेबलावर वाजायची. टेबलावरच. बहुतेक वेळा.
‘क’ तर माझा जन्माचा वैरी,
आणि नाव ठेवलं कुमुदिनी.

सवयवाले म्हणतील: पट्टी वाजली, अक्षर पळालं, संपलं.
अनुकरणवाले मधूमामाकडे बोट दाखवतील,
तोही अडखळायचा, मी त्याच्या मांडीवर बोलायला शिकले.
रक्तवाल्यांचा साक्षीदारही मधूमामाच,
फक्त मांडीऐवजी आईच्या बाजूनं.
तळघरवाले विचारतील, आई तेव्हा कुठे होती?
कणीक मळत होती. तिनं वळून पाहिलं नाही.
हे मी अजून कुठल्याच रकान्यात भरलेलं नाही.

आणि गल्लीत?
गल्लीत मी मुन्नी. सितोलिया खेळताना
हिंदीत भांडायचे, शिव्यासकट, एक अक्षर न सांडता.
आजही वर्गात पन्नास मिनिटं घडाघडा बोलते,
मग घरी फोनवर मावशीला
‘कशी आहेस’ विचारताना घाम फुटतो.
एका तोंडात दोन बायका राहतात,
कोणाचा विकास झाला म्हणायचा?

चार हजार त्र्याहत्तर.
अक्षर किरटं, सिद्धांत पाठ केलेले, तेही उलटेसुलटे,
आणि शेवटी, जागा उरली म्हणून असेल:
‘मैडम, हमारी दादी कहती हैं,
लौकी को कुछ न सिखाओ, मुंडेर दिखा दो.
पर हमारी एक बेल मुंडेर छोड़ के
बिजली के तार पे चढ़ गई थी. उसका क्या?’

पाठ्यक्रमाबाहेर. मी लाल रेघ ओढली.
मग बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसले,
लाल शाई खोडता येत नाही.
शेजारी साडेआठ लिहिले. मग नऊ.

घर रिकामं. म्हटलं, बघू तरी.
अंधाराला तोंड करून स्वतःचं नाव घेतलं.
क—
तेच. त्रेपन्नाव्या वर्षीही त्याच दारात उभी,
आत टेबल, टेबलावर काहीतरी वाजणार असल्यासारखी शांतता.
क— क—

तेवढ्यात खाली कडी वाजली.
‘कौन?’ मी ओरडले,
स्वच्छ, खणखणीत, पहिल्याच झटक्यात.

खालून आवाज आला,
‘हम हैं, दीदी.’

नाव नाही सांगितलं.
मी ओळखलं, आणि जिना उतरले.