रुस्काच्या वाट्याचं

ताउनोच्या रक्ताच्या कागदावर
नर्सबाईंनी एका आकड्याखाली दोनदा रेघ ओढली
आणि बोलल्या माझ्याशी, त्याच्याशी नाही.
बत्तीस वर्षं शाळेची बस चालवली मी.
चूक कुणाचीही असो, लोक ड्रायव्हरकडेच बघतात.

घरी आल्या आल्या साखरेचा डबा
वरच्या फळीवर, रंगाच्या डब्यांमागे सरकवला
आणि पुल्ला करायला घेतला.
कूहमोत बर्फ गुडघ्याला लागो नाहीतर खांद्याला,
शनिवारी वेलदोडा कुटला जातो म्हणजे जातो.

लोण्याच्या जागी सफरचंदाचा गर.
मैद्याच्या जागी रायचं काळं पीठ,
आधी अर्धं, मग पाऊण, मग हट्टानं सगळं.
पहिला पुल्ला असा निघाला
की चढावर चाकाखाली उटी म्हणून चालला असता.
दुसरा वरून करपला, आत गिच्च.
तिसऱ्यात बीट किसलं होतं. त्याचं नाव नको.
ताउनोनं प्रत्येकाचा एकेक तुकडा खाल्ला,
खिडकीतून गोठल्या तळ्याकडे बघितलं,
म्हणाला, "खाण्यासारखा आहे."
चाळीस वर्षांच्या संसारातलं हे त्याचं
तिसऱ्या क्रमांकाचं कौतुक.

उरलेलं सगळं रुस्काला.
तांबूस, आडव्या अंगाची आमची कुत्री
माझ्या चुकांवर पोसली गेली.
फेब्रुवारीत तिचा गळपट्टा दोन भोकं सैल केला.
तिचा डॉक्टर वेगळा, कागद तसाच,
रेघ ओढून बघणं पुन्हा माझ्याचकडे.

मग शेजारची सैमी म्हणाली, बर्च साखर आण.
दिसायला साखर, गोडीला साखर,
जिभेवर मात्र गार, हिमकण ठेवल्यागत.
पुडीमागे बारीक अक्षरं:
कुत्र्याला देऊ नये. विषारी.

दूध कोमट केलं, यीस्ट ताजं घातलं.
तास झाला, दोन झाले,
फडक्याखाली गोळा संपावर बसल्यासारखा.
उशिरा कळलं मला, यीस्टही जीवच,
आणि ही साखर त्याला पचत नाही.
भरल्या ताटावर मी त्याला उपाशी बसवलं होतं.

तरी भाजला. टाकवत नाही.
ट्रे ओढला, एक तुकडा मोडला
आणि हात आपसूक खाली गेला, रोजच्यासारखा.
सुटला होता तुकडा.
बस थांबवायचे तशी मी ओरडले, सगळ्या अंगानं.
रुस्का जागच्या जागी. आणि ताउनो,
ज्याला खुर्चीतून उठायला दोन हाका लागतात,
त्याचा लोकरी मोज्यातला पाय
तुकड्यावर रोवलेला.
आम्ही तिघं तसेच उभे. घड्याळ चालू.

चुका आता घराबाहेर जाणार नव्हत्या.

ताउनोनं मोज्याचा चुरा चिमटी चिमटीनं काढला,
पुल्ला फळीवर घेतला, सुरी शोधली.
त्याच्या आईकडे याला नाव होतं, गरीब सरदार:
शिळ्या पुल्ल्याचे काप दुधाअंड्यात भिजवून
बिडाच्या तव्यावर दोन्हीकडून परतायचे.
आमचा सरदार शिळा नव्हता, नुसता दगड होता.
दूध पीत राहिला, पीतच राहिला,
मी दोनदा वाडगं भरलं.
वर चुरडलेली लिंगनबेरी, आंबटढाण.
कडा कुरकुरीत झाल्या. मधे अजून थोडी अढी.
ताउनो खिडकीकडे न बघता खात होता.
पाचवा काप उचलताना म्हणाला,
"पुढच्या शनिवारी असाच बिघडव."

आता गोळ्यात एक चमचा मध घालते,
माझ्यासाठी नाही, ताउनोसाठी नाही, यीस्टसाठी.
राय एक तृतीयांशावर आणली आहे. हट्टही जवळपास तेवढाच.
रुस्काला उकडलेलं गाजर.
ती ते तोंडात धरते, चावत नाही,
आणि खिडकीबाहेर तळ्याकडे बघते.