पाऊणपट

मामंजी बोटांच्या पेरांवर तिथी धरतात,
तिची पाऊणपट करतात आणि सांगतात भरती.
चतुर्थी म्हणजे तीन. वर सहा घाला, सुकती नऊला.
माझा फोन म्हणतो, नऊ वाजून सतरा मिनिटं.
सतरा मिनिटांचं त्यांना काही वाटत नाही,
पण पूर्णगडच्या खाडीत तेवढ्या वेळात
अर्धी पाटी कालवं सुटतात खडकावरून.
म्हणून मी दोघांनाही विचारते
आणि दोघांच्याही आधी तासभर पाण्यात उतरते,
फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी गळ्यात.

पावलं मोजणारं ॲप भाबडं आहे.
डोक्यावर पाटी, पायात चिखल, घाटी चढून
जोश्यांच्या अंगणात पोचले, की थरथरतं:
अभिनंदन! आजचं ध्येय पूर्ण!
वर रंगीत फटाके.
त्याला वाटतं, मी फिरायला निघालेय.

पैशाचं ॲप बोलतं. पदराआडून एकदम
"ऐंशी रुपये प्राप्त झाले".
प्राप्त हा शब्द आमच्या वाडीत
कीर्तनकार सोडून कुणी वापरलेला नाही.
मला आवडतो.
आता चुलीवरचं दूध उतू गेलं तरी म्हणते,
प्राप्त झालं.

लिहायला मला येतं, पण हात ओले असतात,
तेव्हा बोलते आणि तो लिहितो.
परवा गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर मी बोलले खेकडे.
त्यानं लिहिलं:
उद्या सकाळी खेडेकर मिळतील.
मोठे, जिवंत, भरलेले. डझनाला सहाशे.
बँकेतले खेडेकर साहेब त्याच ग्रुपवर.
त्यांचं रात्री उत्तर आलं:
मी उद्या रजेवर आहे.
आणि खाली, जरा वेळानं: भाव कमी आहे.

पक्षी ओळखायचं ॲप शाळेच्या बाईंनी घालून दिलं.
नुसतं ऐकवायचं, नाव येतं.
पडवीत बसून लावलं, तर मागं मामंजी खोकले.
नाव आलं: राखी बगळा.
तेव्हापासून ते माझ्या फोनशी बोलत नव्हते.

एक ॲप मी कुणाला दाखवत नाही.
त्यात सगळा समुद्र सपाट निळा,
वर जहाजांचे बाण, कापलेल्या नखांएवढे.
हरेशच्या टँकरचं नाव टाकलं की एक बाण लाल होतो.
बाणावर बोट ठेवलं तर वेग कळतो, दिशा कळते,
जेवला का ते कळत नाही.
किनारा सुटला की बाण तिथंच थिजतो
आणि खाली ओळ येते:
शेवटची नोंद नऊ तासांपूर्वी.
मग सोळा. मग दोन दिवस.
मी तेवढा वेळ गोळ्या फोडायचा खेळ खेळते.
तीनशे बाराव्या पायरीवर आहे.
हरेश गेला तेव्हा चाळिसाव्यावर होते.

काल रात्री वीज गेली, बॅटरीसाठी फोन काढला,
तर पडद्यावर तोच निळा समुद्र उघडा.
मामंजी खाटेवरून उठून आले.
खूप वेळ बघत राहिले, चष्मा वर करून, खाली करून.
"ह्यो आपला हरेश?"
हो.
"हलत का नाय?"
नांगर टाकलाय, म्हटलं. फुजैराच्या बाहेर.
खरं म्हणजे मलाही माहीत नव्हतं.

मग म्हणाले, आज तिथी कुठली?
आणि मी सांगायच्या आधीच
अंगठा पेरांवरून सरकायला लागला,
एक, दोन, करंगळीपर्यंत, परत वर.
"साडेसातला भरती लागंल त्याला," म्हणाले,
"नांगर धरून राहा म्हणून सांग."

तिकडचा समुद्र आपल्या पाऊणपटीनं चालत नाही,
हे मला शाळेच्या बाईंनी सांगितलंय.
मी फोन तोंडाजवळ धरला आणि जसंच्या तसं बोलले.
त्यानं काय लिहिलं ते वाचलं नाही,
पाठवून दिलं.
एक बारीक खूण आली. दुसरी अजून यायचीय.