माप

पोर्श की पोर्शे, ह्यावर टपरीत वाद चाललेला,
तोवर तीनशे तीसनं पळणारी ती
अक्कलकोट रोडच्या स्पीडब्रेकरपुढं
गप उभी.
पोट जमिनीपासून चार बोटं.
आतला पोरगा काच खाली करून म्हणाला, घासेल.

स्पीडब्रेकर महापालिकेचा नव्हे.
पोराचा पाय गेला त्या रात्री
यल्लप्पा गड्डमनं स्वतः घातलेला.
त्याला मापच नाही.

मग लूम बंद करून राजय्या क्यातम आला,
खांद्यावर सेकंडच्या चार चादरी.
दोन अलीकडं, दोन पलीकडं,
घडीवर घडी.
म्हणाला, ये. दमानं.

जर्मनीत म्हणे हिच्या रस्त्याला मर्यादाच नसते.
इथं मोरावरून, मग कमळावरून
माप ओलांडणाऱ्या नवरीगत
उतरली.
यल्लप्पा दारातून बघत होता. हसला नाही.

पुढं नुसता आवाज,
आणि आवाजामागं धूळ.

त्यातली एक चादर
क्यातमचा धाकटा पांघरतो.
दोनदा धुतली, गेलं नाही:
खांद्यापासून पायापर्यंत टायरची नक्षी.
पोर झोपलं की राजय्या
दिवा खाली धरून बोटानं मोजतो,
हे डिझाइन कार्डावर पाडायचं
तर भोकं किती.