जिवाणी

मिरजेत स्टेशन रोडला, रंगीत माशांच्या दुकानात
मी हवेचा पंप मागितला, दोन तोंडांचा.
दुकानदार म्हणाला, मासे कोणते?
म्हटलं, दिसत नाहीत असले.
त्यानं सुटे पैसे दोनदा मोजून दिले.

नरवाडला, पानमळ्याच्या कडेला,
शेवरीच्या सावलीत निळं पिंप.
आत गोणपाटाची पुरचुंडी,
गांडुळांनी वर्षभर चघळून काळी केलेली माती,
मूठभर बांधावरची, वडाखालची,
आणि काळा गूळ, बाजारात खपला नाही असला.
नळी तळाशी सोडली
तसं पाणी बोलायला लागलं,
पंगतीला बसलेल्या पाहुण्यांगत, सगळे एकदम.

रत्नव्वा आत्या दिवस मावळायच्या आत जेवते.
कांदा नाही, मध नाही.
विहिरीचं पाणी दुपदरी धडप्यातून गाळायचं,
मग धडपा उलटा धरून गाळल्या पाण्यानं विसळायचा,
आणि ते विसळण पुन्हा विहिरीत. ज्याचं घर त्याला.
ती जिवाणी.

पिंपाजवळ आली, पदर नाकाला न लावता.
'किती जीव हायती रं ह्यात?'
'थेंबात कोटभर, म्हणतात.'
'आन् ते वेलाच्या बुडात वतनार.'
'ओतणार. मरायला नव्हे, राहायला.'
ती दगडावर टेकली. बराच वेळ बुडबुडे बघितले.
'युरियात किती असत्यात?'
'एक पण नाही.'
'आं,' म्हणाली.
हो की नाही, ते कळलं नाही.

पहिल्या सालात वेलानं आमची लाज काढली.
पान बारीक, कडेला तांबूस, देठ आखूड.
यासीन तांबोळी कवळी उलगडायचा, बोट फिरवायचा,
आणि कळीच्या भावाची आस धरून गेलेला मी
फापड्याच्या भावात डाग टाकून परत.
कलगोंडा म्हणाला, दोन पोती टाक गुपचूप,
वेलाला कुठं कळतंय, आत्याला कुठं कळतंय.
आणली. खोटं कशाला बोलू.
गोठ्यात फळीमागं उभी केली.

त्या रात्री अडीचला लाईट गेली.
पंप थांबला की आतलं सगळं गुदमरतं,
सकाळपर्यंत पिंपाला आंबूस, मेलेला वास.
मला जाग आली ती आवाज थांबला म्हणून नव्हे,
आवाज चालू होता म्हणून.

बाहेर आलो. चांदणं नव्हतं.
एकोणऐंशी वर्षांची रत्नव्वा
कळकाची काठी दोन्ही हातांनी धरून पिंप ढवळत होती,
ओठांत णमोकार,
मध्येच थांबायची, कान पिंपाला लावायची,
झोपल्या पोराचा श्वास लागतोय का बघावं तसा.
'द्या इकडं, आत्या.'
'तू नीज. सकाळी वेल उतरायची हाय तुला.'
मी निजलो नाही. तिनंही काठी सोडली नाही.
पाचला लाईट आली तेव्हा
तिच्या तळहाताला दोन फोड होते
आणि पाण्याला पावसाळी रानाचा वास.

सकाळी ठिबकला सोडायच्या आधी गाळायचं होतं,
नाहीतर नळ्या तुंबतात.
तिनं आपलाच धडपा पिंपाच्या तोंडावर पसरला.
विहिरीचा. मी काही बोललो नाही.
गाळून झालं, धडपा उलटा केला, आणि थांबली.
'ह्यांचं घर कुठलं?'
शेण म्हणू, वड म्हणू, गांडुळाचं पोट म्हणू?
मला सांगता येईना.
ती एकटीच बांधावर चालत गेली,
वडाच्या मुळाशी वाकून विसळण ओतलं,
हात जोडले की पाठ सरळ केली, लांबून दिसलं नाही.

फळीमागची पोती हवेतलं पाणी पिऊन
दगड झाली आहेत. कलगोंडा त्यावर बसून बिडी ओढतो.

परवा यासीननं एक पान चुरडून चावलं,
डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. 'तिखट हाय,' म्हणाला.
भाव मात्र कालचाच दिला.

धडपा तारेवर वाळतोय, चहाच्या रंगाचा.
विहिरीसाठी आत्यानं दुसरा फाडला,
जुन्या लुगड्याचा.