कुठवर आलं

दूध संघाच्या लिलावात घेतलेली मेटॅडोर.
तीनदा रंग देऊनही
दमट हवेत अजून
नासक्या सायीचा वास सोडते.

एकतीस वर्षं यांनी लोकांचे मीटर वाचले,
राजारामपुरी, टाकाळा, पार शिये फाट्यापर्यंत.
खांद्याला खाकी पिशवी, मानेवर ऊन.
कॉलरच्या वर एक माणूस, कॉलरच्या आत दुसरा;
लग्नानंतर मला वाटलं, दोघांशी संसार करायचाय.
आता म्हणतात, फिरायचं. आणि गाडीला मीटर नको.

वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला:
पंखा, वीस वॅट, सहा तास.
दिवे दोन, चार तास.
मोबाइल.
"आणि तुझं?"
मी म्हटलं, मिक्सर.
पेन थांबलं.
"पाचशे वॅट," हे म्हणाले,
सोयरिकीत मागणी ऐकून बापानं म्हणावं तसं,
"मिनिटभराच्या खर्ड्यासाठी इन्व्हर्टर घ्यायचा?"

मग खलबत्ता गाडीत गेला.
त्याच्यापुढे शून्य लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या.
माझ्या दंडाचे वॅट किती,
तो रकाना नव्हता.

पॅनेल उद्यमनगरातून आणले, शंभर-शंभरचे दोन.
बसवायला शिकलगारांची निलोफर, आयटीआय झालेली,
कानावर टेस्टर खोचलेला.
"काकी, शिडी धरा तेवढी, मी चढतो वर."
टपाला भोक पाडलं तेव्हा
माझ्याच पोटात गोळा आला.
तिनं रबराचं कडं बसवलं, सीलंट भरलं
आणि अंगठ्यानं कडेकडेनं फिरवत नेलं
चुलीला पोतेरं द्यावं तसं.
"पाऊस गगनबावड्याचा धरून चालायचं.
सुईएवढी फट ठेवली तर
पाणी पाहुण्यासारखं आत येऊन बसतंय."

पॅनेलखाली चार बोटं जागा सोडली.
"त्यालाबी वारं लागतंय. लई तापलं की काम कमी करतंय."
हे हसले.
एकतीस वर्षांत यांच्याबद्दल
ऑफिसात असं कुणी म्हणालं नव्हतं.

"आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल.
उलटं केलं तर कंट्रोलरला कळत नाही,
एवढं ऊन आणलं, ठेवायचं कुठं."
हे वाक्य मी
गॅसजवळच्या कॅलेंडरवर उतरवून घेतलं,
दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी.

पहिल्या दिवशी आकडा हलेना.
शेजारच्या शेवग्याची फांदी,
बोटभर सावली, तीही एका कोपऱ्यावर.
"एवढ्यानं?"
"एवढ्यानंच."
तासातासाला हे गाडी चार-चार फूट सरकवत राहिले,
गल्लीतली पोरं मागून ढकलायला.
या गावाला तसं हे नवं नाही.
किरणोत्सवात कुणाच्या गच्चीवरची टाकी आड आली
की अख्खी पेठ हळहळते.

त्याच आठवड्यात किरणोत्सव होता.
देवळाकडून परतणाऱ्यांना
घरी राहिलेल्या बायका उंबऱ्यातून विचारत होत्या:
कुठवर आली किरणं?
चरणांपर्यंत.
आज गुडघ्याला लागली.
ढग आला ओ, कमरेवर थांबली.

हे टपावर,
त्या खाकी पिशवीचं फडकं करून काच पुसत.
मी मेटॅडोरच्या दारात, लसूण अर्धा ठेचलेला.
मीही विचारलं, कुठवर आलं?

उतरले. चष्मा कपाळावरून खाली घेतला.
परक्यांच्या जिन्याखाली वाकायचे
तसे कंट्रोलरपुढे वाकले
आणि मोठ्यानं वाचलं,
कुणीतरी टिपून घेतंय अशा सवयीनं:
"बारा पॉइंट सात."

मी टिपून घेतलं.
हात लसणाचा होता, पानाला वास लागला.
मग दिवा लावला.
अजून चांगलं दिसत होतं,
तरी लावला.